पगाराचं पाकीट : ‘सुट्टी दरातच धरली आहे’

या महिन्याच्या टपालात एकाच दुखण्याची पत्रं निघाली. तासावर काम करणाऱ्यांची सुट्टी. कुणाला ती मिळतच नाही, कुणाला मिळते पण पैसे मिळत नाहीत, कुणाला पैसे मिळतात की नाही हेच कळत नाही. मी बावीस वर्षं लेस्टरच्या एका कारखान्यात पगारखात्यात पेस्लिपा काढल्या, आणि त्याआधी तीन वर्षं दुसऱ्या एका ठिकाणी पॅकिंगच्या पट्ट्यावर उभी होते. म्हणजे पाकीट देणारे हातही माझेच आणि घेणारेही माझेच. दोन्हीकडून दिसलेलं सांगते.

पुढचं सगळं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरतं आहे. नॉर्दर्न आयर्लंडचे नियम यात बरेच वेगळे आहेत, तेव्हा बेलफास्टच्या वाचकांनी हे आकडे घेऊन मॅनेजरच्या खोलीत शिरू नये.

काकू, मी २३ वर्षांचा आहे, एम.एस्सी. करतोय. ऑक्टोबरपासून एका रेस्टॉरंटमध्ये तासावर काम करतो. तास ठरलेले नाहीत, रविवारी रात्री व्हॉट्सॲपवर रोटा (कुणी कधी कामावर यायचं त्याचा तक्ता) येतो. मार्चअखेर ४८० तास भरले, तेव्हा दर १२.२१ पौंड होता. एप्रिलमध्ये ६२ तास झाले, दर १२.७१. सुट्टीच्या पगाराचं विचारलं तर मॅनेजर म्हणाला, “तू कॅज्युअल आहेस, तुझ्या तासाच्या दरातच सुट्टी धरली आहे.” कॉन्ट्रॅक्टमध्येही ‘हॉलिडे पे धरून’ असं लिहिलंय. हे खरं आहे का? की विद्यार्थ्याला हा हक्कच नसतो?
— एक विद्यार्थी, कॉव्हेंट्री

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो प्रश्न पडतो म्हणूनच मॅनेजर लोकांचं फावतं. १९९८च्या वर्किंग टाइम रेग्युलेशन्समध्ये ‘कॅज्युअल’ नावाची वेगळी जात नाही. तिथे शब्द आहे ‘वर्कर’. तू सांगितल्या वेळी जातोस, सांगितलेलं काम स्वतः करतोस, त्याचा तासावर पगार घेतोस. झालास वर्कर. झिरो अवर्स (किमान तासांची हमी नसलेला करार) असो, विद्यार्थी असो, पहिलाच आठवडा असो, वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी सुट्टी लागू होते.

पहिल्याच दिवसापासून, हे शब्द लिहिताना मला अजून बरं वाटतं. मी १९९७ साली पट्ट्यावर लागले. पुढच्या ऑक्टोबरात हा कायदा आला, आणि आम्ही बायकांनी डबे खाताखाता सुट्टीचे बेतसुद्धा केले. पण कायद्यात मेख होती : सलग १३ आठवडे काम झाल्याशिवाय हक्क सुरू होत नसे. आमच्या सुपरवायझरला मोजणी उत्तम यायची. बाराव्या शुक्रवारी तो यायचा आणि म्हणायचा, “पुढचा आठवडा काम नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी या.” तो एक अख्खा आठवडा आम्ही घरी बसायचो आणि सोमवारी पुन्हा एकपासून मोजणी. अशा माझ्या किती फेऱ्या झाल्या ते मी वहीत लिहून ठेवलं होतं, पण त्या वहीचा तेव्हा उपयोग शून्य. पुढे बेक्टू नावाची, नाटक-सिनेमा-टीव्हीच्या कामगारांची युनियन या १३ आठवड्यांच्या अटीविरुद्ध लढली. त्यांच्या सभासदांचीही कामं अशीच तुकड्यातुकड्यांची असत. जून २००१मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने अट बेकायदा ठरवली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती कायद्यातून गेली. मी तोवर पगारखात्यात आले होते. रजेच्या तक्त्यातला ‘१३ आठवडे पूर्ण?’ हा रकाना मी स्वतःच्या हाताने खोडला. नोकरीतल्या थोड्या समाधानाच्या दिवसांपैकी तो एक.

आता तुझ्या दराकडे येऊ. ५.६ आठवडे ठरावीक दिवस काम करणाऱ्याला मोजता येतात. तुझा आठवडा कधी ९ तासांचा, कधी १९चा. म्हणून १ एप्रिल २०२४ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या रजा-वर्षांसाठी (मालक ज्या बारा महिन्यांत सुट्टी मोजतो ते वर्ष) अनियमित तासवाल्यांचा नियम वेगळा केला आहे : पगाराच्या प्रत्येक कालावधीत जितके तास काम केलंस, त्याच्या १२.०७ टक्के तास सुट्टी जमा होते. हा विचित्र आकडा कुठून आला? वर्षाचे आठवडे ५२. त्यातून सुट्टीचे ५.६ काढले की कामाचे उरतात ४६.४. आता ५.६ला ४६.४ने भाग. मॅनेजरने “हे कुठून काढलंस?” असं विचारलं तर पेन्सिल घेऊन तिथेच करून दाखव.

ही सुट्टी द्यायच्या दोन रीती आहेत. कुठली वापरायची ते मालक ठरवतो.

पहिली रीत अशी की तास जमा होतात आणि तू सुट्टी घेशील तेव्हा पगार मिळतो, आधीच्या ५२ पगारी आठवड्यांच्या सरासरीने. ज्या आठवड्यात एक पैसाही कमावला नाहीस तो आठवडा सरासरीत धरायचा नाही, हे लक्षात ठेव. परीक्षेचे रिकामे आठवडे आत घुसवून सरासरी पाडलेली मी पाहिली आहे. तुझी नोकरी ५२ आठवड्यांची झाली नसेल तर जेवढे पगारी आठवडे झाले तेवढेच धरतात. एप्रिलच्या ६२ तासांचे जमा झालेले तास येतात ७ तास २९ मिनिटं. अर्ध्या तासाच्या आतला तुकडा सोडून द्यायचा आणि अर्धा किंवा जास्त असेल तर पूर्ण तास धरायचा, असा नियम आहे. त्यामुळे तुझे जमा ७ तास. एका मिनिटाने आठवा तास गेला! मे महिन्यात ६६ तास भरलेस तर ७ तास ५८ मिनिटं होतील आणि ८ तास जमा होतील. कधी तुझं नुकसान, कधी त्यांचं.

दुसरी रीत म्हणजे ‘रोल्ड-अप’. यात दर पगाराबरोबरच १२.०७ टक्के रक्कम सुट्टीपोटी देऊन टाकतात आणि मग सुट्टीच्या दिवसांत वेगळं काही मिळत नाही. ही पद्धत २००६मध्ये युरोपीय न्यायालयाने चूक ठरवली होती, तरी बऱ्याच ठिकाणी चालूच राहिली. आता तुझ्यासारख्यांपुरती ती पुन्हा कायदेशीर आहे. पण दोन अटींवर. रक्कम पेस्लिपवर वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे, आणि ती पगाराच्या वर दिली पाहिजे.

तुझा मॅनेजर इथेच अडकतो. २१ वर्षं आणि वरच्यांना १ एप्रिल २०२६पासून किमान दरच १२.७१ पौंड आहे. त्या १२.७१मध्ये सुट्टी ‘धरली’ असेल तर कामाचा दर उरतो सुमारे ११.३४. तो किमान दराच्या खाली जातो. म्हणजे एक तर तो तुला सुट्टीचा पगार देत नाहीये, किंवा किमान वेतन देत नाहीये. दोन्हींपैकी कुठलंही त्याने कबूल केलं तरी तो चुकलाच आहे. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय म्हणून यातलं काही बरोबर होत नाही. तू सही केलीस तरी हे हक्क सहीने सुटत नाहीत.

हिशेब करून टाकू. ऑक्टोबर ते मार्च : ४८० तास, ५,८६०.८० पौंड, त्याचे १२.०७ टक्के ७०७.४० पौंड. एप्रिल : ६२ तास, ७८८.०२ पौंड, त्यावर ९५.११. एकूण ८०२.५१ पौंड. टॅक्सच्या आधीची रक्कम आहे ही. आतापर्यंत तुझ्या हाती यातलं काही आलं नसेल, तर तुझा मुद्दा आठशे पौंडांचा आहे. म्हणून ‘जाऊ दे, दोन-चार तास’ असं मनात आलं तर हा आकडा पुन्हा वाच.

काय करायचं? भांडायला जाऊ नकोस, ई-मेल लिही. तीनच प्रश्न विचार : माझं रजा-वर्ष कोणत्या तारखेपासून धरता, माझे आतापर्यंत किती तास जमा झाले, आणि रोल्ड-अप देत असाल तर ती ओळ माझ्या पेस्लिपवर कुठे आहे? तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं आणि पुढच्या आठवड्यात मॅनेजर म्हणतो, मी असं म्हणालोच नाही. तुझा रोटा व्हॉट्सॲपवर येतो ते उत्तम झालं. प्रत्येक रविवारचा स्क्रीनशॉट काढून ठेव, आणि प्रत्यक्ष किती वाजता सुटलास ते वहीत लिही, कारण रोट्यात दहा लिहिलेलं असतं आणि भांडी घासून बाहेर पडेपर्यंत पावणेअकरा होतात.

हक्क मागितला म्हणून शिफ्ट कापणं बेकायदा आहे. पण झिरो अवर्समध्ये ‘या आठवड्यात गर्दी नव्हती’ एवढं कारण पुरतं आणि ते खोडून काढणं सोपं नसतं. म्हणून ते आधीचे स्क्रीनशॉट हवेत : मेल पाठवण्याआधी आठवड्याला चार शिफ्ट आणि नंतर एक, हे कागदावर दिसलं पाहिजे.

नमस्कार ताई. मी रेडिंगला एका दातांच्या दवाखान्यात सोमवार-मंगळवार रिसेप्शनवर असते. माझी मैत्रीण म्हणते, तुलाही १२.०७ टक्के मिळाले पाहिजेत. शिवाय दर बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) दवाखाना बंद असतो आणि तो दिवस माझ्या सुट्टीतून वजा होतो. यंदा गणपती सोमवारी, १४ सप्टेंबरला आहेत. सुट्टी उरेल ना?
— रेडिंगची एक वाचक

मैत्रिणीचं ऐकू नका. तुमचे दिवस ठरलेले आहेत, तेव्हा टक्क्यांचं गणित तुम्हाला लागू नाही आणि रोल्ड-अपही नाही. आठवड्याचे २ दिवस गुणिले ५.६, म्हणजे ११.२ दिवस. सरळ.

बँक हॉलिडेला भरपगारी सुट्टी मिळालीच पाहिजे असा कायदा नाही, हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. मालक ते दिवस ५.६ आठवड्यांत धरू शकतो. तुमचं दुर्दैव असं की इथले बहुतेक बँक हॉलिडे सोमवारी येतात. यंदा ईस्टर मंडे ६ एप्रिल, मग ४ मे, २५ मे, ३१ ऑगस्ट, आणि बॉक्सिंग डे शनिवारी आल्याने त्याचा बदली दिवस २८ डिसेंबर. पाच सोमवार गेले. उरले ६.२ दिवस. तुमच्या दवाखान्याचं रजा-वर्ष जानेवारी ते डिसेंबर असेल तर हा हिशेब. एप्रिलपासून असेल तर आकडा थोडा हलेल.

बुधवार ते शुक्रवार काम करणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याला यंदा गुड फ्रायडे, ख्रिसमस आणि १ जानेवारीचा गुरुवार एवढेच दिवस वजा होतात, तुमचे पाच. दोघांची एकूण सुट्टी प्रमाणात सारखीच आहे, पण तिची तिला हवी तेव्हा घेता येते, तुमची कॅलेंडर ठरवतं. हे बेकायदा नाही, पण बोलण्यासारखं नक्की आहे. मी पगारखात्यात असताना दोन बायकांनी असंच बोलून एक सोमवार शुक्रवारशी बदलून घेतला होता.

गणपतीची सुट्टी मिळेल का? जेवढे दिवस हवेत त्याच्या दुप्पट दिवस आधी सांगायचं, एवढाच कायदेशीर नियम आहे. एका दिवसासाठी दोन दिवस. कॉन्ट्रॅक्टमध्ये वेगळी मुदत असेल तर ती चालते. मालक नाही म्हणू शकतो, पण जितक्या दिवसांची सुट्टी मागितली तितके दिवस आधी. तुम्ही दोन दिवसांवर राहू नका. आजच लिहून टाका. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर सगळ्यांनाच सोमवार हवे असतात.

मी हाउन्सलोच्या एका शाळेत तबला शिकवतो. टर्म चालू असेल तेव्हा तासावर पैसे, सुट्टीत काही नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी वाचलं होतं की संगीतशिक्षकांनी मोठा खटला जिंकला आणि त्यांना साडेसतरा टक्के सुट्टीचा पगार मिळाला. मला मात्र १२.०७च देतात. फसवणूक आहे का?
— एक तबलावादक

गुरुजी, तुम्ही वाचलंत ते खरं होतं, आणि आता ते खरं राहिलेलं नाही. या खटल्याशी माझा एक जुना हिशेब आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बेडफर्डच्या मुलींच्या एका शाळेत क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन शिकवणाऱ्या लेस्ली ब्रेझेल यांनी शाळा चालवणाऱ्या हार्पर ट्रस्टविरुद्ध दावा लावला. त्यांचं म्हणणं साधं होतं : कायदा वर्षाला ५.६ आठवडे देतो, मी वर्षातले किती आठवडे शिकवते त्यावर ते कमी होत नाहीत. २० जुलै २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. वर्षात ३२ आठवडेच काम असेल, तर ५.६ भागिले ३२, म्हणजे कमाईच्या साडेसतरा टक्के. तुमचा आकडा इथून आलाय.

मी त्याच महिन्यात निवृत्त होत होते. निकालाच्या बातम्या वाचताना पोटात गोळा आला, कारण १२.०७ हा आकडा तोवर कायद्यात कुठेच नव्हता. ती एक सोयीची रीत होती. सरकारी सल्ल्याच्या कागदांत यायची, सगळी पगारखाती वापरायची, मीही वापरली. आमच्याकडे ख्रिसमसच्या हंगामात पॅकिंगला येणाऱ्या बायका होत्या, ज्या दर वर्षी त्याच करारावर परत यायच्या. त्यांच्या पेस्लिपांवर मी वर्षानुवर्षं तोच आकडा टाकला होता. त्या कमी पैसे घेऊन गेल्या, आणि माझ्या हातून गेल्या. मी वरिष्ठांना लेखी कळवलं, त्यांनी वकिलांना विचारतो म्हटलं, आणि पुढे काय झालं ते मला कळलं नाही, कारण तोवर मला घड्याळ आणि केक देऊन निरोप दिला होता.

मग सरकारने नियम बदलला. १ जानेवारी २०२४पासून आलेल्या दुरुस्तीने ‘वर्षाच्या काही भागातच काम करणारे’ असा वेगळा गट केला आणि १ एप्रिल २०२४पासूनच्या रजा-वर्षांसाठी त्यांनाही १२.०७ टक्केच लागू केले. आता मात्र तो आकडा छापील कायद्यात आहे. तुम्ही त्या गटात बसता, जर टर्मच्या बाहेर किमान एक आठवडा तुम्हाला काम आणि पगार दोन्ही नसेल तर. तुम्हाला तर सहा आठवड्यांचा उन्हाळा आहे.

तेव्हा आजच्या घडीला फसवणूक नाही, पेस्लिपवर ओळ वेगळी दिसत असेल तर. ब्रेझेलबाई जिंकल्या आणि पुढच्या शिक्षकांचा विजय दीड वर्षात विरघळला. मला विचाराल तर हे बरं झालं नाही. शिक्षकाने उन्हाळ्यात मोकळं राहायचं हे शाळेने ठरवलेलं असतं, त्याने नाही.

सप्रेम नमस्कार. माझा मुलगा बर्मिंगहॅमला शिकायला आहे. आठवड्यातले तीन दिवस एका गोदामात पार्सलं लावायला जातो. मालक म्हणतो, तू ‘सेल्फ-एम्प्लॉइड’ आहेस, दर शुक्रवारी इनव्हॉइस दे. सुट्टी नाही, आजारपण नाही. मुलगा म्हणतो, “आई, इथे असंच असतं.” मला झोप लागत नाही. बोलावं तर व्हिसाला काही होईल का ही भीती.
— एक आई, इचलकरंजी

तुमची झोप उडाली ते बरोबरच आहे, पण कारण तुम्ही समजता त्याहून वेगळं आहे. सुट्टीच्या पैशांचं नंतर पाहू. स्टुडंट व्हिसावर सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून काम करायला मनाई आहे. म्हणजे मालकाने पैसे वाचवण्यासाठी जो कागद मुलाच्या हातात दिला, तो कागदच मुलाच्या अंगाशी येऊ शकतो. दर शुक्रवारी तो इनव्हॉइसवर सही करतो तेव्हा स्वतःविरुद्ध पुरावा लिहून देतो. हे त्याला आज रात्री फोनवर सांगा.

खरं पाहता तो स्वतंत्र धंदेवाला आहे असं वाटत नाही. मालक वेळ ठरवतो, जागा मालकाची, रॅक मालकाचे, आपल्या जागी दुसरा माणूस पाठवायची सोय नाही. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्षात काय चालतं ते न्यायालय पाहतं. फेब्रुवारी २०२१मध्ये उबरच्या ड्रायव्हरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच केलं : कराराच्या कागदात काहीही म्हटलेलं असो, भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनी ठरवते, तेव्हा ते ड्रायव्हर वर्कर आहेत. वर्कर म्हटलं की किमान वेतन आलं आणि भरपगारी सुट्टीही आली. वर्षानुवर्षं ‘तू सेल्फ-एम्प्लॉइड’ म्हणून सुट्टी नाकारली असेल तर ती वर्ष संपलं म्हणून बुडत नाही, पुढे सरकत राहते.

पण तुमच्या मुलाच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. आधी त्याने त्याच्या विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या सल्लागाराला भेटावं. फुकट असतं, आणि त्यांना ही कथा नवीन नसते. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मालकाला काही लिहू नये, नवा इनव्हॉइसही देऊ नये. हक्काचा पगार मागणं हे व्हिसाच्या अटींविरुद्ध नाही. धोका त्या इनव्हॉइसांमध्ये आहे.

आणि “इथे असंच असतं” हे वाक्य मी लेस्टरला उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं. सांगणारा गेली दहा वर्षं कमी पैशांत राबत होता, एवढंच त्यातून कळलं.

काकू, मी एजन्सीमार्फत एकाच गोदामात सात महिने जातेय. तिथल्या कायम कामगारांना ३३ दिवस सुट्टी आहे, मला २८च्या हिशेबाने. चालतं का?
— एक वाचक, नॉर्थॅम्प्टन

नाही. एकाच ठिकाणी, एकाच कामावर १२ आठवडे पूर्ण झाले की पगार आणि सुट्टी यांत तिथे थेट नेमलेल्या माणसाइतकंच मिळायला हवं. हा नियम ऑक्टोबर २०११पासून आहे. वरच्या पाच दिवसांच्या सुट्टीऐवजी तेवढे पैसे पगारात देऊ शकतात, म्हणून आधी पेस्लिप नीट वाचा, मग एजन्सीला लिहा. गोदामाच्या मॅनेजरला विचारून उपयोग नाही, तो एजन्सीकडे बोट दाखवील.

मी एका कॅफेतलं तासावरचं काम नोटीस न देता सोडलं. चूक माझीच. माझी एकही सुट्टी घेऊन झाली नव्हती. मालक म्हणतो, सुट्टी घेतली नाहीस म्हणजे बुडाली, आणि असा निघून गेलास म्हणून शेवटचा हिशेबही एवढाच. पगार ३० एप्रिलला झाला. आता काही होऊ शकतं?
— एक वाचक, लीड्स

नोटीस न देता जायला नको होतंस, ते तूच लिहिलंस म्हणून पुन्हा सांगत नाही. पण सुट्टीचा त्याच्याशी संबंध नाही. नोकरीत असताना ‘सुट्टी नको, पैसे द्या’ असं करता येत नाही. नोकरी संपताना मात्र उरलेल्या सुट्टीचे पैसे द्यावेच लागतात. सोडलीस, काढलं, चोरीच्या आरोपावरून काढलं, तरी.

तुझ्या सगळ्या पेस्लिपा घे आणि हातात काही आलेलं नसेल तर या रजा-वर्षातल्या तासांची बेरीज करून १२.०७ टक्के काढ. मालकाला एक ई-मेल : इतके तास काम, इतके तास सुट्टी जमा, इतके पौंड येणे, सात दिवसांत कळवा. भाषा कोरडी ठेव. माफीही नको आणि टोमणेही नकोत.

उत्तर आलं नाही तर अकासला फोन, ०३०० १२३ ११००. ही मालक आणि कामगार यांच्यात मध्यस्थी करणारी सरकारी खर्चाने चालणारी संस्था आहे, पैसे लागत नाहीत. ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या न्यायालयात, जायच्या आधी तिला कळवणं सक्तीचंच आहे. बऱ्याचदा तिथून फोन गेला की मालकाला कॅल्क्युलेटर सापडतो. ट्रायब्युनलची फीही जुलै २०१७पासून नाही. ती लावलेली होती, युनिसन या युनियनने सर्वोच्च न्यायालयात जाऊन ती रद्द करून घेतली.

मुदत मात्र आखूड आहे : पैसे मिळायला हवे होते त्या दिवसापासून तीन महिने उणे एक दिवस. ती सहा महिने करणारा कायदा डिसेंबर २०२५मध्ये मंजूर झालाय, पण मंजूर होणं वेगळं आणि लागू होणं वेगळं. तू तीनच धर. पगार ३० एप्रिलचा, म्हणजे २९ जुलैपर्यंत अकासकडे नाव नोंदलेलं हवं. २९ जुलै बुधवारी येतो. तू सोमवारीच कर, म्हणजे फोन लागला नाही तर दोन दिवस हाताशी राहतील.